नीट पास झालेल्या गोव्यातल्या मुलांच्या आईबाबांना, चॉइस फिलिंगच्या (कॉलेजांची पसंतीची यादी भरायच्या) आधी

नमस्कार काका-काकू, दादा-वहिनी,

निकाल लागल्यापासून रोज दोन-तीन तरी फोन येतात. कधी मावशीच्या शेजारच्यांचा, कधी बाबांच्या ओळखीतल्या कुणाचा, आणि प्रश्न एकच, ‘अगं, बांबोळीला नंबर लागेलसं वाटत नाही, मग आता कुठे घालू पोराला?’ प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहिते. मी सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढे आमचं घर. गोव्याबाहेरच्या एका खाजगी कॉलेजातून एमबीबीएस केलं, कर्ज काढून. ते कर्ज अजून फिटायचंय.

आधी आपली परिस्थिती बघू. गोव्यात सरकारी एमबीबीएस म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ. पोर्तुगीजांनी १८४२ साली सुरू केलेली ती शाळा, १९६३ पासून गोवा मेडिकल कॉलेज. सिंधुदुर्गातून, कारवारातून लोक पेशंट घेऊन तिथे येतात, त्यामुळे तिथल्या मुलाला जे बघायला मिळतं ते लाखो रुपये भरून पण कुठे मिळेलच असं नाही. मुलाचा नंबर तिथे लागत असेल तर डोळे झाकून घ्या आणि हे पत्र इथेच बंद करा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

बरेच जण म्हणतात ओरोसला सरकारी कॉलेज झालंय ना, म्हापशाहून दीड-दोन तासांवर, तिथे घालू. सिंधुदुर्गचं ते कॉलेज २०२१ ला सुरू झालं हे खरं, पण सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या मुलांच्या असतात आणि उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यातून भरतात. हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की आपण बाहेरचे. कारवारला तसंच, बेळगावच्या सरकारी कॉलेजला तसंच, कोल्हापूरलाही तसंच. म्हणजे अंतराने जवळ असलेलं कॉलेज मार्कांनी खूप लांब असू शकतं. मग उरतं काय, तर खाजगी आणि डीम्ड (विद्यापीठाचा दर्जा मिळालेली कॉलेजं). तिथेच पैशाचा प्रश्न सुरू होतो आणि तिथेच एजंटांचे फोन पण सुरू होतात.

एजंटांबद्दल एवढंच सांगते. २०२५ मध्ये २२ लाखांवर मुलं नीटला बसली, त्यातली १२ लाखांवर क्वालिफाय झाली, आणि देशभरात सरकारी-खाजगी मिळून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे क्वालिफाय झालेल्या दहातल्या नऊ घरांत आनंद आणि घालमेल एकाच वेळी असते, आणि एजंटाला नेमकी तीच घरं हवी असतात. डीम्डची काउन्सेलिंग, म्हणजे सीट वाटायचं काम, केंद्राची एमसीसी ही समिती ऑनलाइन करते. सीट तिथूनच मिळते. कुणी ‘तुमची सीट पक्की करून देतो, आज पन्नास हजार टोकन द्या’ म्हटलं तर फोन ठेवा, मग तो कितीही ओळखीचा असू दे.

आता आमच्या घरातल्या एका वहीचं सांगते.

माझं अ‍ॅडमिशन झालं त्या दिवशी बाबांनी वाळपईच्या बाजारातून एक शंभर पानी वही घेतली, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली वर्षाची फी. त्यांना वाटलं झालं, हा खर्च. कॉलेजला पोचलो त्या दिवशी दुपारपर्यंत ते पान भरलं. कॉशन डिपॉझिट, लायब्ररी डिपॉझिट, एलिजिबिलिटी फी, युनिव्हर्सिटीचं रजिस्ट्रेशन, हॉस्टेलचं वेगळं डिपॉझिट, मेसचे सहा महिन्यांचे आगाऊ पैसे, ‘डेव्हलपमेंट’ नावाचं काहीतरी जे प्रॉस्पेक्टसमध्ये कुठेच नव्हतं आणि ज्याची पावती पण मिळाली नाही. मग दुसऱ्या पानावर एप्रन, डिसेक्शनचं सामान, हाडांचा सेट (तो एका सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून बरं), पुस्तकं, स्टेथो, परीक्षा फी, घरी यायचं-जायचं भाडं. बाबा रात्री लॉजवर बसून ते सगळं आकडे खाली आकडे लिहीत होते आणि बेरीज दोन वेळा करून बघत होते, जणू दुसऱ्यांदा कमी येईल. मी झोपल्याचं नाटक करत होते. मला ती बेरीज ऐकू येत होती.

म्हणून पहिलं काम हे करा की वही तुम्ही आधी घ्या. कॉलेजच्या ऑफिसला फोन करून किंवा जाऊन विचारा की पहिल्या दिवशी एकूण किती भरावे लागतात, त्यातले परत किती मिळतात आणि कधी, फी दरवर्षी वाढते का, हॉस्टेल सक्तीचं आहे का. कोर्स साडेचार वर्षांचा आणि मग एक वर्ष इंटर्नशिप, तर फी साडेचार वर्षांची घेणार की पाच, हे लेखी मागा. एनएमसीने, म्हणजे मेडिकल शिक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने, कॉलेजांना फी आणि इंटर्नचा स्टायपेंड दोन्ही वेबसाइटवर जाहीर करायला सांगितलंय, तर ते आहे का बघा, नसेल तर तेच एक उत्तर समजा. सरकारी कॉलेज परराज्यातलं असेल तर बॉन्ड पण वाचा. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलं की एक वर्ष सेवा द्यावी लागते नाहीतर दहा लाख भरायचे. सेवा द्यायला माझा काहीच विरोध नाही, उलट चांगलंच आहे, फक्त आधी माहीत असावं.

मग कर्जाचा हिशोब. बँकेत तुम्हाला हप्ता सांगतात, पण तो कुठल्या रकमेवर हे कुणी नीट समजावत नाही. फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला दहा लाख, पाच वर्षं, आणि व्याज दहा टक्के असं उदाहरण घ्या. डीम्डची नुसती फीच बऱ्याच ठिकाणी वर्षाला पंधरा-वीस लाखांच्या घरात जाते, त्यामुळे हे उदाहरण स्वस्तातलंच आहे. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिला चेक गेला त्या दिवसापासून चालू होतं. पहिल्या वर्षीच्या दहा लाखांवर साडेसहा वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्यावर साडेपाच, असं करत पाचव्यावर अडीच, सगळं मिळून साडेबावीस लाख. म्हणजे घेतले पन्नास, आणि हप्ता सुरू होतो तो साडेबहात्तर लाखांवर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. शेवटी एक कोटी चाळीस लाख भरून होतात. कोर्स चालू असताना जमेल तेवढं व्याज दर महिन्याला भरत गेलात तर हा डोंगर बराच कमी होतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. आमचं घराखालचं कुळागर गेलं तारणाला, आजोबांनी लावलेल्या सुपारीच्या झाडांसकट. अजून तिथेच आहे, बाबा रोज पाणी सोडतात, पण कागद बँकेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिच्या अटी आणि मर्यादा आधी वाचून घ्या आणि बँकेत जायच्या आधी तिथे जा, नंतर नको. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं सूट मिळते, पण जुन्या रेजिममध्येच.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला भोगून कळली. हप्ता सुरू व्हायची वेळ आणि पीजीची, म्हणजे एमडी-एमएसची, तयारी करायची वेळ एकच असते. नुसत्या एमबीबीएसवर आता कुणी थांबत नाही, नीट पीजीसाठी वर्ष-दीड वर्ष बसून अभ्यास लागतो, आणि नेमका तेव्हाच बँकेचा मेसेज येतो. माझ्याबरोबरची ज्यांच्यावर कर्ज नव्हतं ती घरी बसून अभ्यास करत होती आणि मी एका नर्सिंग होममध्ये नाइट ड्युट्या करत होते, सकाळी नऊला सुटून दुपारी पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. मला बालरोग करायचं होतं. आता करेन की नाही माहीत नाही. मी कुणाला दोष देत नाही, फक्त सांगतेय की फी भरताना तुम्ही पुढची दहा-पंधरा वर्षं पण ठरवत असता, आणि ती ठरवताना मुलगा किंवा मुलगी त्या टेबलावर बसलेली हवी. माझ्या बाबांनी मला आकडे कधी दाखवले नाहीत, ‘तू अभ्यास कर, बाकी मी बघतो’. खूप प्रेमाने म्हणाले. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एक कोटी चाळीस लाख हा आकडा कळायला हवा, तो त्याच्याच नावावर आहे.

पैशाचं झालं. आता वातावरण. हा शब्द आपण हवापाण्यासाठी वापरतो, ‘तिथलं वातावरण मानवेल का हिला’. तेही बघायचंच, पाणी किती दिवसाआड येतं, मेसमध्ये माशांचा तुकडा मिळतो का, चवथीला घरी यायला बस आहे का, हे छोटे प्रश्न नाहीत, साडेपाच वर्षांचे प्रश्न आहेत. पण मेडिकल कॉलेजचं खरं वातावरण म्हणजे पेशंट. बिल्डिंग काचेची आहे, लॉन आहे, जिम आहे हे बघून परत येऊ नका. सकाळी दहाला ओपीडीच्या केस पेपरच्या खिडकीसमोर जाऊन बसा. रांग आहे का? मग वॉर्डात किती खाटांवर माणसं आहेत, त्यांच्या उशाशी नातेवाईक, डबे, थर्मास आहेत का, की खाटेवर नुसती नवी चादर आहे. रात्री कॅज्युअल्टीला दिवा आहे पण गर्दी नाही, असं तर नाही ना. माझ्या कॉलेजात इन्स्पेक्शनच्या आधी दोन दिवस आजूबाजूच्या गावांतून बसने माणसं आणून खाटांवर झोपवायचे, संध्याकाळी परत सोडायचे. आम्ही विद्यार्थी ते बघायचो आणि गप्प बसायचो. २०२५ मध्ये सीबीआयने असल्याच प्रकारांवर, खोटे पेशंट, कागदावरचे प्रोफेसर, देशभरातल्या बऱ्याच लोकांवर गुन्हा नोंदवला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, फक्त वाईट वाटलं.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. आमची लेबर रूम जवळजवळ रिकामी असायची. इंटर्नशिपला माझ्या वाट्याला स्वतःच्या हातांनी केलेल्या डिलिव्हरी किती आल्या ते लिहायलाही लाज वाटते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात रात्री दोन वाजता एक बाई कळा देत आली, डोकं दिसायला लागलेलं, मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला वेळ नाही. माझे हात थंड पडले. तिथल्या सिस्टर, पन्नाशीच्या, त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, ‘डॉक्टर, इथे हात धरा, आता थांबा, आता द्या.’ बाळ रडलं. बाई आणि बाळ दोघंही ठीक. पण त्या बाईला वाटत होतं की तिच्या समोर डॉक्टर आहे. सिस्टर नसत्या तर काय झालं असतं हा विचार अजून जात नाही.

म्हणून इंटर्नना भेटा. अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये बसून चहा पिऊ नका, कँटीनमध्ये जा, पांढरा एप्रन आणि दमलेला चेहरा दिसला की विचारा, बाळा, तू किती डिलिव्हरी केल्यास, किती टाके घातलेस, स्टायपेंड खरंच मिळतो का. आमच्याकडे स्टायपेंड खात्यात जमा व्हायचा आणि तेवढीच रक्कम दुसऱ्या नावाने परत भरायला लावायचे. पासबुकात सगळं बरोबर. अशा गोष्टी इंटर्नच सांगणार.

भाषा हा पण वातावरणाचाच भाग. कर्नाटकात गेलात तर लेक्चर इंग्लिशमध्ये, पण पेशंट कन्नडमध्ये बोलतो. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा वॉर्डात उभी राहिले, हातात वही, समोर एक आजी, आणि तिला काय होतंय ते मला कळत नव्हतं. वॉर्डातल्या एका आयाने मला शिकवलं, एल्लि नोवु म्हणजे कुठे दुखतं, एष्टु दिन आयतु म्हणजे किती दिवस झाले. मी एप्रनच्या खिशात देवनागरीत लिहून ठेवायचे. त्या आजीने ‘होट्टे’ म्हणून पोटावर हात ठेवला आणि मला समजलं, तो दिवस मी विसरत नाही. अवघड नाही हे, येते भाषा, पण आपलं मूल अनोळखी माणसांत स्वतःहून बोलणारं आहे की कोपऱ्यात बसणारं, हे तुम्हालाच माहीत असणार. वॉर्डात मराठी-कोंकणी-हिंदी चालेल असं कॉलेज थोडं महाग पडलं तरी एखाद्या मुलाला तेच बरं.

रॅगिंगचं विचारायला लाजू नका. १८००-१८०-५५२२ हा अँटी-रॅगिंग हेल्पलाइनचा नंबर मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. एनएमसीच्याच टास्क फोर्सने २०२४ मध्ये मेडिकलच्या मुलांचा सर्व्हे केला तेव्हा एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. चार मुलांच्या खोलीत एक. माझ्या खोलीत पण होती. ती दुसऱ्या वर्षी घरी गेली आणि परत आली नाही, आणि तिच्या वडिलांनी भरलेले पैसेही परत आले नाहीत. तेव्हा कॉलेजमध्ये काउन्सेलर आहे का, तो आठवड्यातून किती वेळा येतो, मूल मध्येच सोडून आलं तर फीचं काय, हे विचारा. असलं विचारलं की ‘अभद्र कशाला बोलता’ म्हणतील घरातले. बोला.

परदेशाचं थोडक्यात, कारण ते विचारणारे पण खूप आहेत. तिथली फी कमी दिसते, पण परत येऊन एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, तीनशे मार्कांत दीडशे हवेत, आणि अलीकडच्या बऱ्याच परीक्षांत चार-पाच जणांत एकच पास झालाय. २०२१ च्या नियमाप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्लिशमध्ये आणि इंटर्नशिप त्याच कॉलेजात हवी, त्यातलं एक जरी चुकलं तर इथे डॉक्टर म्हणून नोंदणीच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून हजारो मुलं तळघरांतून, बॉर्डरवरून कशी आली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. जायचंच असेल तर जाऊन शिकून आलेल्या आणि परीक्षा पास झालेल्या माणसाशी बोला, पाठवणाऱ्याशी नाही.

चॉइस फिलिंगबद्दल एक काळजी. डीम्डसाठी एमसीसीकडे दोन लाखांचं डिपॉझिट असतं. पहिल्या राउंडला मिळालेली सीट सोडली तरी नुकसान नाही, पण पुढच्या राउंडला सोडली की डिपॉझिट जातं, आणि अगदी शेवटच्या स्ट्रे राउंडला मिळालेली सोडली तर पुढच्या नीटवर पण गदा येते. रात्री साडेअकराला, लॉक व्हायला अर्धा तास असताना, ‘टाकून तर ठेव’ म्हणून न बघितलेलं कॉलेज यादीत घालू नका. यादीत असेल तर मिळू शकतं. त्या मुलीला तिथे साडेपाच वर्षं राहायचंय.

आणि हिशोब बसत नसेल तर? मग थांबा. एक वर्ष परत अभ्यास केला म्हणून कुणाचं नाक कापलं जात नाही. बांबोळीलाच डेंटल आहे, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी आहे, धारगळला २०२२ पासून आयुर्वेदाची राष्ट्रीय संस्था आहे, नर्सिंग आहे. हे ‘नाही मिळालं म्हणून’ घेण्याचे कोर्स नाहीत, मनापासून घेतले तर चांगले आहेत, आणि मनापासून नसेल तर तेही लादू नका. वाड्यावर काय सांगू, हा प्रश्न मी माझ्या घरात ऐकलाय. वाडा चार दिवस विचारतो, हप्ता पंधरा वर्षं.

गोव्यातल्या प्रवेशांचं काम बघणाऱ्या पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयात जे बसतात त्यांनाही एक हात जोडून विनंती. प्रॉस्पेक्टस तुम्ही वेळेवर काढता, पण तेव्हा घरातले सगळे घाईत असतात. जानेवारीतच साखळी, पेडणे, काणकोण, सांगे इथल्या हायर सेकंडरीत एक शनिवार जाऊन आईबाबांना बसवा, गोव्याबाहेर शिकायला गेलेल्या पाच-सहा इंटर्नना बोलवा आणि खर्चाचं एक खरं पान सगळ्यांच्या हातात द्या, मराठीत आणि कोंकणीत. पणजी-मडगावच्या क्लासवाल्यांची मुलं माहिती मिळवतातच, आमच्याकडच्या माणसाला एजंटाशिवाय कुणी विचारत नाही.

माझी ती निळी वही घरी आहे. बाबांनी पहिल्या दिवसापासून शेवटच्या मार्कशीटच्या कुरियरपर्यंत सगळं लिहिलंय. ज्यांना बघायची असेल त्यांनी सांगा, फोटो काढून पाठवते, किंवा घरीच या, येताना मुलाला घेऊन या. बाबा म्हणतात, त्यांनाही बोलायचंय.

तुमची,
सत्तरीतली एक डॉक्टर